मागच्या बाकावरून

(बी. ए. भाग २ मधील एक विद्यार्थिनी)

"हल्ली शाळेत शिस्त म्हणून राहिली नाही." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. गावच्या पारावर ऐकले, अकोल्याच्या बसस्थानकावर ऐकले, आणि आता शिक्षणासाठी अमरावतीला आल्यावर वसतिगृहाच्या मेसमध्येही ऐकते. बोलणारे बदलतात, वाक्य मात्र बदलत नाही. त्यावरचा उपायही ठरलेला असतो. पूर्वीसारखे मास्तर राहिले नाहीत, छडी गेली आणि तिच्याबरोबर विद्याही गेली, तेव्हा छडी परत आणा म्हणजे शाळा सुधारेल!

वडीलधाऱ्यांच्या मताचा मान राखूनही मला हे पटत नाही. शिस्त ही मुलांकडून वसूल करण्याची वस्तू नाही. ती शिक्षकाच्या कसबातून वर्गात उतरते. आणि कसब हे जन्मतः कोणालाच येत नाही. ते कोणीतरी शिकवावे लागते. म्हणून ज्याला शाळा सुधारायची आहे त्याने मुलांच्या पाठीशी छडी घेऊन उभे राहण्यापेक्षा शिक्षकाच्या पाठीशी उभे राहावे, एवढेच मला सांगायचे आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे हे मत मी पुस्तकातून आणलेले नाही. ते माझ्या घरात घडले आहे.

माझा भाऊ माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. आमचे गाव अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यातले. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशी घरातली सगळी माणसे गुंड आणि बादल्या घेऊन रांगेत. हायस्कूल सहा किलोमीटरवर. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्याकडची पोरे सकाळी दोन तास वेचायला जातात आणि मग शाळेत. असाच एक दिवस भाऊ प्रार्थना संपल्यावर पोचला. सरांनी कारण विचारले. "सर, मले उशीर झाला, वेचाले गेलो होतो," तो म्हणाला. सरांनी त्याचे 'मले' आणि 'वेचाले' त्याच्याच सुरात सर्वांना म्हणून दाखवले. वर्ग हसला. मग त्याला पायाचे अंगठे धरून उभे केले.

अंगठे धरल्याचे त्याला फारसे वाटले नाही. घरी त्याने त्याहून अधिक मार खाल्ला होता. त्याला वाटले ते हसण्याचे. असे दोन-तीनदा घडले आणि त्याने नववीची सहामाही दिली नाही. बाबा त्याला स्वतः शाळेत घेऊन गेले. हात जोडून सरांना म्हणाले, "सर, कातडं तुमचं, हाडं आमची, पण याले शिकवा." बाबांची शाळा चौथीत सुटली होती. एवढ्या विश्वासाने दिलेले मूल आठ दिवसांत पुन्हा घरी बसले. "मी नाई जात आता. मले तिथं काही समजतच नाई," असे तो म्हणाला. 'समजत नाही' हे त्याचे शब्द कोणाच्याच लक्षात आले नाहीत. 'जात नाही' एवढेच सर्वांनी ऐकले. आज तो एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या रिकाम्या करतो. माझ्या परीक्षेची फी त्याच्याच पैशातून भरली जाते.

त्या सरांना मी आज दोष देत नाही. शाळेला अनुदान वीस टक्के. सरांचा विषय इतिहास, पण माणसे कमी म्हणून गणितही त्यांच्याच गळ्यात. शाळा सुटली की ते स्वतः दुसऱ्याच्या शेतावर हिशेब लिहायला जात. साठ मुलांचा वर्ग कसा हाताळावा हे त्यांना कोणी कधी दाखवले नव्हते. त्यांच्या सरांनी त्यांना जसे वागवले तसेच त्यांनी आम्हाला वागवले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता दुसरी हकीकत. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर शाळा पुन्हा भरल्या, ते माझे दहावीचे वर्ष. दीड वर्ष घरी राहिलेली मुले बाकावर बसणे विसरून गेली होती. त्यातच २०२१ च्या हिवाळ्यात एसटीचा संप झाला आणि आम्हा मुलींची मानव विकासची निळी बस बंद पडली. कोणी पायी येई, कोणी कापसाच्या गाडीवर बसून. पहिल्या तासाला अर्धा वर्ग उशिरा. गणिताला नवे सर आलेले. ते आधी ओरडत, मग डस्टर आपटत, मग मारत. आमचा गोंधळ वाढला की त्यांचा आवाज वाढे, आणि त्यांचा आवाज वाढला की आमचा गोंधळ.

शाळेत मराठीचे एक वयस्क सर होते. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली. एक दिवस आपल्या ऑफ तासाला ते आमच्या वर्गात आले आणि काही न बोलता मागच्या बाकावर, माझ्याच शेजारी, येऊन बसले. हातात एक वही. तास संपला तसे उठून गेले. असे ते दर आठवड्याला एकदा येऊ लागले. आम्हाला वाटले, नव्या सरांवर काही चौकशी बसली असावी.

पण महिन्याभरात गणिताचे सर बदलू लागले. घंटा होण्यापूर्वीच ते दारात उभे दिसू लागले. आत येणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारत. फळ्यावर एक सोपे उदाहरण आधीच लिहिलेले असे. बसायचे आणि सोडवायला लागायचे. उशिरा येणाऱ्या मुलीने मागच्या दाराने येऊन शेजारणीच्या वहीतून उदाहरण उतरवून घ्यायचे, कारण तास संपल्यावर सांगायचे. प्रश्न विचारल्यावर सर थांबायला शिकले. पूर्वी उत्तर आले नाही की स्वतःच सांगून मोकळे होत. आता मनातल्या मनात पाच अंक मोजल्यासारखे थांबत, आणि त्या शांततेत मागच्या बाकावरचाही एखादा हात वर होई. मार कधी बंद झाला हे आमच्या लक्षातही आले नाही. मारण्याची वेळच येईना.

बारावीच्या निकालाचे पेढे द्यायला मी मराठीच्या सरांकडे गेले तेव्हा धीर करून त्या वहीविषयी विचारले. सर हसले. म्हणाले, "पहिल्या दिवशी मी दोनच गोष्टी लिहिल्या. पस्तीस मिनिटांच्या तासात नऊ मिनिटे रागावण्यात गेली. आणि जेवढे प्रश्न विचारले ते सगळे पहिल्या दोन बाकांवरच्या सहा मुलांना. संध्याकाळी चहा घेताना तेवढेच त्यांना सांगितले. पुढच्या आठवड्यात एकच गोष्ट बदलून पाहू म्हटले. मग त्यांना माझ्या तासाला बसवले, आणि माझ्या चुका लिहायला लावल्या." मी विचारले, "सर, त्यांना राग नाही आला?" ते म्हणाले, "आला असता. पण मी आधी माझा तास उघडा केला ना!"

मित्रहो, एका शाळेत दोन शिक्षकांनी कोणाचीही परवानगी न मागता, एक पैसाही खर्च न करता हे केले. माझ्या भावाच्या वेळी हे घडले असते तर, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही.

ज्यांना हे कौतुकापुरते वाटेल त्यांनी आपल्या अमरावतीकडेच पाहावे. १९१४ साली वैद्य बंधूंनी येथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले. मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तेथे आजही घडतात. कोणत्याही आखाड्यातला मल्लखांब पाहिलेल्याला ठाऊक आहे की उस्ताद दुरून भाषण देत नाही. तो खांबाशेजारी उभा राहतो, हाताची पकड पाहतो, चुकले की तिथल्या तिथे मनगट धरून नीट करतो, आणि पुन्हा चढायला लावतो. चढणाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही. मनगटाची चूक दुरुस्त करायला आपल्याकडे उस्ताद आहे. साठ मुलांसमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाची चूक दुरुस्त करायला कोण आहे? तो वर्गात शिरतो आणि दार लावून घेतो. पुढची तीस वर्षे त्या दारामागे काय चालते हे त्याला आणि मुलांनाच ठाऊक.

बी.एड. करताना तरी असे नसते. तेथे प्रत्येकाला सराव पाठ घ्यावे लागतात, पाठाचे टाचण काढावे लागते, मागे निरीक्षक बसून शेरा लिहितो. पण नोकरी लागली की ते सगळे संपते. वास्तविक खरी गरज तेव्हाच सुरू होते. नाही म्हणायला मुख्याध्यापकांचे लॉगबुक असते. शिक्षकाच्या तासाला बसून त्यात निरीक्षण लिहायचे, असा त्याचा हेतू. हेतू उत्तम आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी तपासणी जवळ आली की एका बैठकीत वर्षभराची पाने भरली जातात आणि 'अध्यापन समाधानकारक' हा शेरा साऱ्यांना वाटला जातो. साधन आहे, पण गंजलेले आहे.

शिक्षक तयार करावा लागतो, ही जाण आपल्याकडे जुनी आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा प्राथमिक शाळांतले शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि ते शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, असे सांगितले होते. वेचणीच्या दिवसांत पोरगा उशिरा का येतो, हे ज्याला न सांगता कळते असा शिक्षक फुल्यांना हवा होता. आज शेतकऱ्यांची मुले शिक्षक झाली आहेत. पण शिक्षक होताना आपली बोली आणि आपले शेत विसरावे लागते, अशी काहींची समजूत झालेली दिसते.

ज्यांच्या नावाचे आपले विद्यापीठ आहे ते गाडगेबाबा याच वऱ्हाडी बोलीत कीर्तन करीत. ते स्वतः शाळेत शिकलेले नव्हते. पण समोरच्या हजारो माणसांना प्रश्न विचारीत, उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत आणि त्यांनाच विचार करायला लावीत. त्याआधी दिवसभर हातात खराटा घेऊन गाव झाडलेले असे. आधी स्वतः करायचे, मग बोलायचे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांनी सांभाळली. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या तर ते रागावत नसत. स्वतःच आवरून ठेवीत. मुले लाजली आणि आपापल्या खोल्या नीट ठेवू लागली. वर्तन सुधारण्याचा तो मार्ग छडीपेक्षा कठीण आहे, कारण त्यात आधी आपले वर्तन सुधारावे लागते.

बाहेरच्या जगातही हेच दिसते. जपानमध्ये शिक्षक एकत्र बसून एका पाठाची तयारी करतात. एक जण तो वर्गात घेतो, बाकीचे मागे उभे राहून मुलांकडे पाहतात आणि नंतर सगळे मिळून पाठावर बोलतात. तेथे ही जुनी रीत आहे. अमेरिकेतील संशोधकांनी शिक्षकांना असे व्यक्तिशः मार्गदर्शन देण्याविषयीचे साठ अभ्यास एकत्र तपासून २०१८ साली निष्कर्ष मांडला. शिकवण्यात चांगली सुधारणा होते, मुलांच्या अभ्यासातही काही प्रमाणात होते. मात्र असे कार्यक्रम फार मोठ्या संख्येने राबवले की परिणाम उणावतो. मला ह्यात नवल वाटत नाही. हजार शिक्षकांना एका सभागृहात बसवून पडद्यावर चित्रे दाखवली तर ते पालथ्या घड्यावर पाणी. मागच्या बाकावर एका वेळी एकच माणूस बसू शकतो.

आपले २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते की प्रत्येक शिक्षकाला वर्षातून किमान ५० तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी. आठवड्याचा एक तास धरला तरी वर्षाचे पस्तीस-चाळीस तास शाळेच्या आतच भरतात. त्यासाठी अकोल्याला किंवा अमरावतीला प्रशिक्षणाला जाऊन हजेरीपटावर सही करण्याची गरज नाही.

ह्यावर काही आक्षेप निघतील, ते मी ऐकले आहेत. पहिला आक्षेप असा की मार नसेल तर मुले डोक्यावर बसतील. एक तर शिक्षण हक्क कायद्याने १ एप्रिल २०१० पासून शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे. तो कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे, म्हणून नववी-दहावीची बरीच मुले त्याच्या बाहेर राहतात. पण चौदावे वर्ष संपले की मुलाची पाठ लाकडाची होते काय? आणि दुसरे, आमच्या वर्गात मार थांबल्यावर गोंधळ कमी झाला, वाढला नाही. मुलांना मऊ शिक्षक नको असतो. आज एक आणि उद्या दुसरे असे न करणारा शिक्षक हवा असतो. एका सरांच्या तासाला चालते ते दुसऱ्यांच्या तासाला गुन्हा ठरते, तेव्हा मुले नियम शिकत नाहीत, सरांचे स्वभाव शिकतात.

दुसरा आक्षेप वेळेचा. शिक्षकांना निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे. त्यात रिक्त जागा. हा आक्षेप खरा आहे आणि तो सरकारने आणि संस्थाचालकांनी मनावर घ्यावा. तीन वर्षे शिक्षणसेवकाच्या मानधनावर किंवा अर्धवट अनुदानावर जगणाऱ्या माणसाकडून साने गुरुजी होण्याची अपेक्षा करणे सोपे आहे, न्यायाचे नाही. पण रागावण्यात जाणारी नऊ मिनिटे वाचली तर वेळ कुठून आणायचा ह्याचे थोडे उत्तर तिथेच मिळते.

तिसरा आक्षेप मानाचा. "माझ्या तासाला दुसरा कशाला?" म्हणून मला वाटते, मागच्या बाकावरच्या वहीचा आणि गोपनीय अहवालाचा काही संबंध असू नये. ती वही त्या दोघांतच राहावी. शिकणाऱ्याला परीक्षेची भीती असली की तो चूक लपवतो. हे विद्यार्थ्यांइतकेच शिक्षकांनाही लागू आहे. आणि सुरुवात मुख्याध्यापकांनी करावी. त्यांनी स्वतः एक तास घ्यावा आणि सर्व शिक्षकांना मागे बसवावे. शाळेचे चार-पाच नियम सर्व शिक्षकांनी मिळून आणि मुलांना विचारून ठरवावेत, आणि ते आधी शिक्षकांनी पाळावेत. घंटेला वर्गात असणे, हा त्यातला पहिला. मुलाच्या बोलीला न हसणे, हा दुसरा. प्रमाण मराठी जरूर शिकवावी. मीही ती शिकले म्हणून हा लेख लिहू शकले. पण 'मले' म्हणणाऱ्याला 'मला' शिकवण्यासाठी त्याच्या आईच्या भाषेची टिंगल करावी लागत नाही.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण सांगते. ते मराठीचे सर आता निवृत्त झाले. गणिताचे सर दुसऱ्या शाळेवर गेले. माझी धाकटी बहीण त्याच शाळेत नववीला आहे. दिवाळीच्या सुटीत घरी गेले तेव्हा रात्री अंथरुणावर ती हळूच म्हणाली, "ताई वं, आमच्या वर्गात पुन्हा कोंबडा करायला लावतात." वेचणी सुरू होती. उद्या उशीर झाला तर शाळेत जाऊ की नको, असे तिने मला विचारले. शेजारी भाऊ झोपला होता, किंवा झोपल्यासारखा पडला होता. मी तिला जा म्हटले. सकाळी तिच्या वाट्याच्या ओळी भावाने आणि मी वेचल्या, आणि ती वेळेवर गेली.

पण दर वर्षी कोणी किती ओळी वेचाव्यात? एका चांगल्या माणसाबरोबर आलेली सुधारणा त्या माणसाबरोबर निघून गेली, हे त्या शाळेचेच नव्हे, आपल्या साऱ्या व्यवस्थेचे दुखणे आहे. चांगला माणूस हा अपघाताने मिळतो. वेळापत्रकातला तास मात्र दर आठवड्याला येतो. म्हणून मागच्या बाकावरचा तो तास वेळापत्रकात लिहिला गेला पाहिजे.

मलाही पुढे बी.एड. करून शिक्षिका व्हायचे आहे. मी चुकेन, हे मला आजच ठाऊक आहे. एखाद्या दिवशी आवाज चढेल, कदाचित हातही उचलला जाईल. त्या वेळी माझ्या वर्गात मागच्या बाकावर कोणीतरी वही घेऊन बसलेले असावे आणि संध्याकाळी चहा घेताना त्याने मला माझी एक चूक सांगावी, एवढीच माझी इच्छा आहे. आपल्या महाविद्यालयातून दर वर्षी जे अनेक जण शिक्षक होऊन खेड्यापाड्यांत जातील, त्यांनीही नोकरीच्या पहिल्या दिवशी शेजारच्या वर्गातल्या सरांना किंवा मॅडमना एवढे म्हणावे: "एकदा माझ्या तासाला येऊन बसाल का?"